अजून बघतायत?

"आता काय चाललंय?"

"बघतायत एकमेकांकडे."

"बरं." थोड्या वेळानं, "आता?"

"बघतायत."

"अजून?"

मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. मी आक्काच्या कानाशी आणखी वाकले आणि अगदी खालच्या आवाजात सांगितलं, की हो, अजून बघतायत, मागे बर्फ आहे, तिचे केस उडतायत, आणि व्हायोलिन वाजतंय ते तुला ऐकू येतंयच. आक्का खुर्चीत मागे टेकली. "तुमच्या लोकांचं प्रेम म्हणजे नुसतं बघत बसणं," असं जरा मोठ्यानंच म्हणाली, आणि मागून दुसरा 'शूऽऽ' आला.

२००६ साल. चित्रपट 'फना'. आक्का म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. चौदाव्या वर्षी संध्याकाळी अंगणात धडपडायला लागली तेव्हा सगळ्यांनी वेंधळी म्हणून हसण्यावारी नेलं. मग डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा असं लांबलचक नाव सांगितलं. आधी रात्र गेली, मग बाजूबाजूचं जग गेलं, मग नळीतून बघावं तेवढंच उरलं, आणि विशीनंतर तेही. डोळे दिसायला मात्र तुमच्याआमच्यासारखे, किंबहुना आमच्यापेक्षा सुंदर. त्यामुळे बसमध्ये लोक तिच्यावर वैतागतात, की धडधाकट बाई आणि राखीव जागेवर बसलीये.

सिनेमाचं तिला भयंकर वेड. 'सिनेमा ऐकला' असं ती कधीच म्हणत नाही. 'बघितला' म्हणते. मी शाळेत असल्यापासून तिची सिनेमातली कुजबुजणारी आहे. परीक्षेला अंध विद्यार्थ्यांना लेखनिक मिळतो, तशी मी तिची सांगणारी. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. मारामारी सांगणं सोपं, पाठलाग सोपा, रडारड तर आपोआप ऐकू येते. सगळ्यात अवघड प्रेम. आपल्या सिनेमातलं प्रेम सगळं नजरेत भरून ठेवलेलं असतं आणि नजरेला आवाज नसतो.

'फना'मध्ये काजोल अंध आहे. झूनी नावाची काश्मिरी मुलगी दिल्लीत येते, आमिर खानच्या गाइडच्या प्रेमात पडते, शस्त्रक्रियेनंतर तिला दिसायला लागतं आणि नेमका तेव्हाच तो मेल्याची बातमी येते. सात वर्षांनी तोच माणूस जखमी होऊन तिच्या दारात येतो आणि ती त्याला ओळखत नाही, कारण त्याचा चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नाही. मी हे सांगितलं आणि आक्का चक्क हसली.

"आवाज?"

"अगं, सात वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? चालणं? खोकणं? आणि अंगाला माणसाचा म्हणून एक वास असतो की नाही? मुलीला डोळे दिले आणि नाक-कान काढून घेतले का यांनी?"

मध्यंतरात समोसा खाताना तिनं या विषयावर भाषणच दिलं. तो सिनेमा पुढं कितीही चालला असला तरी माझ्यापुरता तो तिथंच संपला. अंध नायिकेची कथा लिहिणाऱ्याला, दिग्दर्शित करणाऱ्याला, एडिट करणाऱ्याला, एवढ्या मोठ्या युनिटमधल्या कुणालाच हा प्रश्न कसा पडला नाही? पडला असेलही. पण कथेसाठी त्यांना तिचं आंधळेपण हवं होतं, आंधळी व्यक्ती नको होती.

गंमत म्हणजे याच्या एकोणतीस वर्षं आधी गुलजारांनी 'किनारा'त (१९७७) एक गाणं लिहून ठेवलंय: नाव हरवेल, चेहरा बदलेल, माझा आवाज हीच माझी ओळख. तिथंही हेमा मालिनीची दृष्टी गेलेली आहे. आक्काचं ते आवडतं गाणं. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होती ती, तिचं सगळं आयुष्यच आवाजावर चाललेलं. चाळीस शाखांमधली माणसं ती 'हॅलो'च्या 'है'वरून ओळखायची.

दाजी त्या चाळीसपैकी एका शाखेत कारकून होते. एक वर्षभर त्यांना आक्का म्हणजे फक्त 'एक मिनिट हं, जोडते' एवढीच माहीत होती. नंतर एकदा हेड ऑफिसला काही कामानं आले आणि मुद्दाम एक्स्चेंजच्या खोलीत डोकावले. ती अंध आहे हे त्यांना तिथं कळलं. पुढं काय बोलणं झालं ते दोघांनीही आम्हाला कधी सांगितलेलं नाही. १९८८ साली लग्न झालं, पण त्याआधी रीतसर मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. आपल्याकडे लग्न ठरवण्याची क्रियाच मुळी 'बघणं'. स्थळ बघतात, मुलगी बघतात, घरदार बघतात, आणि मग बघितलेल्या मुलीला मान खाली घालायला सांगतात. आक्कानं पोह्यांच्या बशा स्वतः आणल्या. दाजींच्या आई समोर बसल्या होत्या. मी तेव्हा सोळा वर्षांची, दाराआडून बघत होते. त्या बाईंनी काय केलं, तर पुढं वाकून आक्काच्या तोंडासमोर हळूच हात हलवला, डावीकडून उजवीकडे, खरंच दिसत नाही का ते बघायला. आक्का शांतपणे म्हणाली, "उकडतंय का तुम्हाला? पंखा वाढवू का?"

नंतर त्या दोघींचं छान जमलं, ते जाऊ दे. पण तो हात मला प्रत्येक सिनेमात दिसतो. आपला कॅमेराही अंध नायिकेच्या तोंडासमोर तसाच हात हलवत असतो.

आता एक निरीक्षण मांडते, पटलं तर बघा. आपल्याकडे प्रेमकथेत अंध कोण असतं? 'चिराग'मध्ये (१९६९) आशा पारेख, 'अनुराग'मध्ये (१९७२) मौसमी चॅटर्जी, 'झील के उस पार'मध्ये (१९७३) मुमताज, मग 'किनारा', मग 'सुनयना'त (१९७९) रामेश्वरी, आणि पुढं काजोल. पुरुष नाहीत असं नाही, पण यादीत बायका जास्त. आणि कुठल्या बायका? टपोऱ्या डोळ्यांच्या. 'चिराग'मधलं सर्वांत गाजलेलं गाणं तर नायिकेच्या डोळ्यांवरच आहे, की या डोळ्यांशिवाय जगात दुसरं आहे तरी काय. पुढं तेच डोळे जातात. मला वाटतं, अंध नायिका ही हिंदी सिनेमाला सापडलेली सगळ्यात सोयीची नायिका आहे. तिच्याकडे कितीही वेळ टक लावून बघा, ती उलट बघत नाही. लाजायची गरज नाही, नजर चुकवायची गरज नाही. नायक बघतो, कॅमेरा बघतो, आपण बघतो.

'सुनयना'चं संगीत रवींद्र जैन यांचं, गाण्याचे शब्दही त्यांचेच. येसुदासनं गायलेलं त्याचं शीर्षकगीत ठाऊक असेल. तू ही दृश्यं बघ आणि मी तुला बघताना बघेन, अशा अर्थाचं. रवींद्र जैन जन्मांध होते. हे मला कळलं त्या दिवसापासून ते गाणं मला साधं सरळ प्रेमगीत म्हणून ऐकताच येत नाही. बघणाऱ्याला बघणं हीच आपल्या सिनेमातली प्रेमाची व्याख्या आणि ती इतक्या नेमक्या शब्दांत पकडली कुणी, तर ज्यानं कधी काही पाहिलंच नाही त्यानं. त्यांनी ते कौतुकानं लिहिलं होतं की मिस्कीलपणे, कोण जाणे. आक्काच्या मते मिस्कीलपणे. ती स्वतः तशी असल्यामुळे तिला सगळेच तसे वाटतात.

खऱ्या अंध कलावंताला पडद्यावर काय मिळालं ते बघायचं तर के. सी. डे. मन्ना डेंचे काका. तीसच्या दशकात न्यू थिएटर्सच्या चित्रपटांत त्यांचा आवाज म्हणजे पर्वणी. पण ते गायचे बैराग्याची, भक्तीची गाणी. प्रेमात पडायचं काम डोळस नटांचं, डोळे मिटून किंवा शून्यात बघत. अंध माणूस म्हटलं की सूरदास, एकतारी, देव. त्याला देव भेटू शकतो, बायको भेटणं अवघड.

आता पट्टी सोडण्याबद्दल.

हा प्रसंग माहीत नसलेला मराठी माणूस नसेल. डॉक्टर हळूहळू पट्टी सोडतायत, घरचे श्वास रोखून उभे, आधी धूसर, मग चेहरा, मग 'मला दिसतंय!' 'अनुराग'मध्ये कॅन्सर झालेला लहान मुलगा नायिकेसाठी डोळे ठेवून जातो. मुलगा इतका गोड आहे की आमच्या वाड्यातल्या काकू तो सिनेमा बघून दोन दिवस रडत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी आत्याकडे येऊन म्हणाल्या, "अहो, नेत्रदानाचं बघा की हिच्यासाठी." त्यानंतर आयुष्यभर दर दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी हेच सुचवत आलंय. आक्का आता पाठ केल्यासारखं सांगते, की बाबांनो, नेत्रदानात अख्खा डोळा बसवत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घेतात आणि त्यातला बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तेवढा दुसऱ्याला लावतात. ज्याचा तो पडदा खराब झालाय त्यालाच त्याचा उपयोग. माझं बिघडलंय मागचं दृष्टिपटल. खिडकीची काच बदलून भिंत कशी दुरुस्त होईल? शिवाय कॉर्निया बसवला तरी टाके महिनोन्‌महिने असतात, नजर हळूहळू सुधारते. पट्टी सोडल्या सोडल्या समोरच्या गर्दीतून नायक ओळखू येत नाही.

आणि जन्मापासून न दिसलेल्या माणसाला तर मुळीच नाही. दिल्लीत 'प्रोजेक्ट प्रकाश' म्हणून एक काम चालतं. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करायची आणि त्यांचं बघणं कसं घडत जातं ते अभ्यासायचं. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा त्याचे प्रमुख. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष असा, की नुकतंच दिसू लागलेल्या मुलांच्या हातात एखादा ठोकळा दिला आणि मग दोन ठोकळ्यांतून तोच नजरेनं ओळखायला सांगितला, तर त्यांना जमलं नाही. हाताला कळलेलं डोळ्याला कळत नव्हतं. काही दिवसांनी ते जमायला लागलं. म्हणजे बोटांनी प्रियकराचा चेहरा चाचपून ठेवायचा आणि पट्टी सुटताच तो ओळखायचा, हा आपला लाडका प्रसंग शास्त्राच्या कसोटीवर एका मिनिटात कोसळतो. चेहरा चाचपण्याबद्दल आक्काला विचारलं तर ती म्हणते, "ई! कुणाच्या तोंडावर हात कशाला फिरवू मी? कुणाला आवडेल ते?"

या पट्टीच्या खेळात मला दोनच चित्रपट वेगळे वाटतात. एक 'दीदार' (१९५१). दिलीपकुमार अंध गायक, अशोककुमार त्याचे डोळे बरे करणारा डॉक्टर, आणि त्याच डॉक्टरशी नर्गिसचं, म्हणजे दिलीपकुमारच्या बालपणीच्या प्रेमाचं लग्न ठरलेलं. दृष्टी मिळाल्यावर जे दिसतं ते न सोसून तो शेवटी पुन्हा आपले डोळे घालवतो. अतिरेकी आहे, पण निदान दिसणं म्हणजे सुख हे समीकरण तरी मोडतं. दुसरा आनंद गांधीचा 'शिप ऑफ थीसियस', २०१३ साली आपल्याकडे लागलेला. त्यातली आलिया मुंबईत राहणारी अंध फोटोग्राफर आहे. आवाजाच्या रोखानं फोटो काढते, मग मित्राकडून त्यांचं वर्णन ऐकून ते निवडते, आणि यावरून दोघांचं कडाक्याचं वाजतं. कुठला फोटो चांगला, निर्णय कुणाचा, 'तुला तो आवडला म्हणून तू ठेवायला सांगतोयस' वगैरे. मग कॉर्निया मिळतो, दिसायला लागतं, आणि फोटो काढणंच हातून निसटतं. हा सिनेमा मी आक्काला सांगत होते तेव्हा त्या भांडणाशी ती एकदम सरळ बसली. "हे बरोबर आहे," म्हणाली. कारण तिला साडी घ्यायची असली की आमच्यात हेच होतं. मी रंग सांगते, आणि ती विचारते, "हा खरंच चांगलाय की तुला लवकर घरी जायचंय?"

अपराधी नायकांवर मी फार वेळ घालवणार नाही. 'किनारा'तल्या जीतेंद्रच्या प्रेमाला आधी अपराधाची किनार आहे. प्रदीप सरकारच्या 'लफंगे परिंदे'मध्ये (२०१०) तर दीपिकाची पिंकी पालकर, आपल्या मुंबईच्या वस्तीतली मराठी पोर, ज्या गाडीखाली दृष्टी गमावते ती गाडी नायकच चालवत असतो, आणि मग तोच तिला अंधारात वावरायला शिकवतो. तो डोळ्यांना पट्टी बांधून मारामारी करणारा, त्यामुळे म्हणे त्याला त्यातलं कळतं. डोळ्याला पट्टी बांधली की आंधळेपण कळतं हा समज आपला फार जुना. आंधळी कोशिंबीर खेळून आपल्याला वाटतं, आलं लक्षात. गांधारीनं पट्टी बांधली ती नवऱ्यासाठी, आणि तेव्हापासून अंधाशी लग्न म्हणजे त्याग हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला तिच्याबद्दल एक वेगळीच शंका येते. धृतराष्ट्राला खरंच तशी बायको हवी होती का? निदान एकाला तरी दिसत असतं तर घरात काय चाललंय ते कळलं असतं.

दाजींना आमच्या अख्ख्या खानदानात 'देवमाणूस' म्हणतात. लग्नात म्हणाले, बारशात म्हणाले, त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात तर साहेबांनी भाषणातच म्हटलं. आक्का स्टेजवर शेजारी बसली होती. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मी काय असते गं मग? देवळातली पायरी?" पुढं म्हणाली, "घोरतो तो. ओला टॉवेल पलंगावर टाकतो. देवमाणूस!"

'स्पर्श'बद्दल लिहिण्यासाठीच खरं तर बसले होते आणि इथवर यायला इतका वेळ लागला.

सई परांजपेंचा हा चित्रपट १९८० साली आला. पुण्यात वाढलेल्या, रँग्लर परांजप्यांच्या नातीनं दिल्लीत, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या खऱ्याखुऱ्या शाळेत, तिथल्या मुलांना घेऊन केलेला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरुद्दीन शाहला अभिनयाचा, सईंना पटकथेचा. वर्षभर आधी 'सुनयना'त हाच नसीर अंध फुलवालीचा डोळस नायक होता. इथं तो अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक, अनिरुद्ध परमार. शबाना आझमी ही नुकतीच विधवा झालेली कविता. डॉक्टरकडे निघालेला तो गाणं ऐकून तिच्या दाराशी पोचतो, आणि पुढं एका पार्टीत आवाजावरून तिला ओळखतो. 'फना'वाल्यांनी एवढं जरी बघितलं असतं!

पण मला त्यातली कॉफी आठवते. त्याच्या ऑफिसात कविता आलेली आहे, तो तिच्यासाठी कॉफी करतोय, आणि तिला राहवत नाही, ती मदतीला हात पुढं करते. तो उखडतो. यजमान तो आहे, पाहुणी ती. आपल्याला हे वाचताना वाटेल, एवढंसं काय त्यात. आक्काच्या घरी मी पहिल्यांदा एकटी राहायला गेले तेव्हा मी नेमकं हेच केलं होतं. तिनं गॅसवर आधण ठेवलं होतं, मी पातेलं उचलायला गेले, दोघींचे हात एकमेकींवर आपटले, आणि उकळतं पाणी ओट्यावर. ती काही बोलली नाही. फडक्यानं ओटा पुसला, पुन्हा पातेलं ठेवलं, कपाच्या कडेला आतून बोट लावून चहा ओतला आणि माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "बस तिकडं. पाहुणी आहेस."

'स्पर्श'मध्ये ओम पुरीचा दुबे आहे, शाळेतलाच अंध सहकारी. त्याची बायको वारलीय. सगळ्यांना तो संसार सुखाचा वाटत असतो आणि हा अनिरुद्धजवळ कबूल करतो, की तसं काही नव्हतं. हे ऐकून अनिरुद्ध आतून हलतो. कविता आपल्याशी लग्न करतेय ते प्रेमानं की त्याग करण्याच्या ओढीनं, हा किडा त्याच्या डोक्यात शिरतो आणि तो साखरपुडा मोडतो, तिला नीट कारणही न सांगता. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्याचा राग आला होता. चाळिशीत पाहिला तेव्हा तिचाही थोडा आला. आता दोघांचं कळतं. आपल्या इतर सिनेमांत अंध माणसाची प्रेमातली अडचण बाहेर असते, सासरा नाही म्हणतो, खलनायक येतो, डोळे मिळत नाहीत. इथं अडचण दोघांच्या मधोमध बसलेली आहे. हे जे तू माझ्यासाठी करतेस, ते कशाच्या खात्यात जमा होतंय?

आक्काला हा चित्रपट पूर्ण आवडत नाही, हे सांगायला हवं. तिच्या मते अनिरुद्ध फार आखडू आहे. "सारखं कोण एवढं ताठ राहणार? कधी कधी मला कंटाळा येतो, मग मी म्हणते, घे बाबा पिशवी आणि चल." पण मग थोडं थांबून, "पण तो तसा आहे ते चांगलंय. आंधळा माणूस सिनेमात वाईट स्वभावाचा असायला काही हरकत नाही."

दाजी आणि आक्का रस्त्यानं चालतात ते कधी बघण्यासारखं असतं. सिनेमात नायक अंध नायिकेचा हात धरून तिला ओढत, नाहीतर खांद्याला धरून ढकलत नेतो. रस्त्यातले परोपकारी लोकही तसंच करतात, दंड पकडतात आणि रेटतात. प्रत्यक्षात ती धरते. दाजींच्या कोपराच्या जरा वर तिची चार बोटं, आणि ती अर्धं पाऊल मागे. त्यांचं अंग वळलं की तिला वळण कळतं, खांदा खाली गेला की पायरी. लक्ष्मी रोडवर गर्दी झाली की ते धरलेला हात पाठीमागे घेतात, ती लगेच त्यांच्या मागे एका रेषेत येते. दोघं बोलत असतात, बहुतेक वेळा पेन्शनबद्दल. वळणाबद्दल, पायरीबद्दल एक शब्दही न बोलता हे सगळं चाललेलं असतं आणि आजवर एकाही कॅमेऱ्यानं ते टिपलेलं मी पाहिलेलं नाही.

त्यांची भांडणंही मी जवळून पाहिलीत. सगळ्यात मोठं एका स्टुलावरून झालेलं. दाजींनी बल्ब बदलला आणि स्टूल पॅसेजमध्येच ठेवून पेपर आणायला गेले. आक्काची नडगी फुटली. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी मी गेले तर दाजी स्वयंपाकघरात डबे लावत होते, डाळीचा डाळीच्या जागी, साखरेचा साखरेच्या. तिच्या घरात वस्तूला जागा असते आणि ती बदलायची नसते. कात्री टीव्हीखालच्या खणात डावीकडे, सुई-दोरा त्याच्या मागे. अशा घरात मुद्दाम काही हरवायचं म्हटलं तरी हरवत नाही. हरवतो फक्त दाजींचा चष्मा.

'काबिल' (२०१७) आम्ही तिघांनी बघितला. हृतिक रोशन आणि यामी गौतम, दोघंही अंध, दोघंही नोकरी करणारे, स्वतःचं घर, लग्न. पहिला अर्धा तास आक्का खुशीत होती. मग नायिकेवर बलात्कार, मग तिची आत्महत्या, मग नायकाचा सूड. बाहेर पडताना आक्का एवढंच म्हणाली, "म्हणजे तिला मारायलाच आणली होती." तमिळमधला 'कुक्कू' (२०१४) मात्र मी तिला मुद्दाम दाखवला, सबटायटल्स वाचून वाचून घसा बसला माझा. राजू मुरुगनचा पहिला चित्रपट, चेन्नईच्या लोकलमध्ये जुळणारं दोन अंध जिवांचं प्रेम. त्यातही रडवण्याचा सोस आहेच, पण ती दोघं एकमेकांवर रुसतात, टोमणे मारतात, गर्दीत एकमेकांना आवाजानं हुडकतात. आणि 'मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ'मधली खानुम. सयानी गुप्तानं केलेली ती अंध मुलगी न्यूयॉर्कमध्ये लैलाच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या कल्की केक्लांच्या, प्रेमात पडते. ठाम आहे, राजकारणावर बोलते, स्वतःहून जवळ येते, आणि फसवणूक झाली तर निघून जाते. कुणी तिचा त्याग करत नाही आणि तिच्यासाठीही करत नाही. हे मी आक्काला सांगताना जरा अडखळत होते, दोन मुलींचं प्रेम वगैरे. ती म्हणाली, "अगं सांग की नीट, मी काय कुकुलं बाळ आहे?"

पण तिचा सर्वांत लाडका 'अंधाधुन'. २०१८. पुण्यात घडतो म्हणून आणि त्यात आंधळा माणूस खोटा आहे म्हणून. आयुष्मान खुराना अंध असल्याचं सोंग करणारा पियानोवाला, आणि त्याच्या समोर, त्याला दिसत नाही या भरवशावर, खुनाची सगळी आवराआवर चालते. तो वाजवत राहतो. मी कानात सगळं सांगत होते, प्रेत कसं ओढलं, तब्बू कशी खुणा करतेय, आणि आक्का तोंडावर पदर धरून हसत होती.

"हसतेस काय? खून झालाय."

"अगं, हे रोजचं आहे माझं."

खून नव्हे, खुणा. तिच्यासमोर लोक सर्रास खुणा करतात. सासरी, माहेरी, बँकेत. हिला सांगू नको, हिला नको म्हण, बघ कशी साडी नेसलीये. त्यांना वाटतं तिला कळत नाही. ती म्हणते, खोलीत खुणा चालू झाल्या की बोलणाऱ्याचा आवाज जरा जाड होतो, वाक्यं लांबतात, मधेच कुणीतरी उगाच खाकरतं. तीस वर्षं बँकेत तिनं हे ऐकलंय. समोरच्याला न कळू देता बघणं ही डोळसांची चैन. या चित्रपटात पहिल्यांदाच ती चैन अंध समजल्या गेलेल्या माणसाच्या हाती आली आणि अख्ख्या पुण्याची तंतरली, याचं तिला कोण सुख.

२०२४च्या मार्चमध्ये केंद्रानं थिएटरांसाठी नियमावली काढली, दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांना सोय व्हावी म्हणून. त्याच वर्षी ८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं पडद्यावरच्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल निकाल दिला, सरन्यायाधीश चंद्रचूडांच्या पीठानं. ज्या चित्रपटावरून प्रकरण गेलं तो 'आँख मिचौली', त्यातल्या नायिकेला रातांधळेपणा, आणि लग्न जमेपर्यंत तो लपवायची घरच्यांची धडपड. न्यायालय म्हणालं, अपंगत्वाची टिंगल वेगळी आणि अपंगत्व समजून घेत केलेला विनोद वेगळा. आक्काला मी बातमी वाचून दाखवली. रातांधळेपणा लपवून लग्न यावर ती जरा गप्प झाली. तिच्याही बाबतीत पहिली दोन स्थळं अशीच, दुपारी बोलावून, उजेडात दाखवून झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आता ओटीटीवर काही हिंदी चित्रपटांना ध्वनिवर्णन असतं. संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगतो, कोण आलं, कोण गेलं, कुणी काय उचललं. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठान'साठी ते करायला सांगितलं तेव्हापासून लोकांना हा शब्द माहीत झाला. मागच्या महिन्यात आक्काकडे गेले तर टीव्हीवर तसाच एक सिनेमा लागलेला. दाजी आरामखुर्चीत, डोळे मिटलेले, चांगले घोरत. आक्का पाय वर घेऊन शेंगा सोलत बसलेली. मी शेजारी बसले आणि सवयीनं तिच्या कानाशी वाकले. तिनं हातानं थांबवलं.

टीव्हीतली बाई स्वच्छ, सपाट आवाजात म्हणाली, "दोनों एक-दूसरे को देखते हैं।"

संगीत वाजत राहिलं. बरंच वाजत राहिलं. बाई पुढं काहीच बोलेना. आक्कानं माझ्याकडे तोंड वळवलं.

"अजून?"

"अजून," मी म्हटलं.

ती शेंगा सोलू लागली. तेवढ्यात दाजींना जाग आली. त्यांनी छातीवर हात फिरवला, खुर्चीच्या हातांवर फिरवला, मग उशीखाली घातला.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"फ्रिजवर," आक्का म्हणाली. "दुधाची पिशवी ठेवायला गेला होतात तेव्हा काढलात."